हेडमास्तर बुकर वॉशिंग्टनच्या वाटेवर सहा दिवस

टस्कीगी हे नाव मराठी घरांत पोचलं ते कार्व्हरमुळे. कोणतं पुस्तक, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मी रयतच्या शाळांमध्ये इतिहास शिकवला, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. दर वर्षी वक्तृत्व स्पर्धेत दोन-चार मुलं तरी कार्व्हरवर बोलायचीच. १८९६ मध्ये त्याला टस्कीगीला बोलावून घेणारा तिथल्या शाळेचा हेडमास्तर, बुकर वॉशिंग्टन, मात्र त्या भाषणांत एका वाक्यात यायचा आणि जायचा. मी स्वतः हेडमास्तरीण, म्हणून असेल कदाचित, पण त्या एका वाक्यातल्या हेडमास्तरबद्दल मला कुतूहल राहून गेलं होतं.

तीन महिन्यांसाठी लेकीकडे, मुक्ताकडे, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला गेले आणि नकाशा उघडला तेव्हा लक्षात आलं, बुकर टी. वॉशिंग्टनचं जन्मस्थान, लहानपणीचं गाव आणि शाळा हे सगळं रिचमंडहून गाडीनं गाठता येण्यासारखं आहे. टस्कीगी तेवढं लांब, अलाबामात. मुक्तानं रजा टाकली. जावई म्हणाले, "तुम्ही दोघी जा, मी घर बघतो." म्हणजे त्यांनी क्रिकेट बघितलं.

दिवस पहिला : हेल्स फोर्ड

रिचमंडहून पश्चिमेला तीन-साडेतीन तासांचा रस्ता. लिंचबर्ग मागे पडलं की ब्लू रिज डोंगरांची निळसर रेघ दिसायला लागते. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. रेडबडची झाडं फुललेली, पान एक नाही, नुसती जांभळट गुलाबी फुलं, थेट खोडालासुद्धा चिकटलेली. आपल्या कांचनाची ही भावकी.

बरोज कुटुंबाचं हे तंबाखूचं शेत, २०७ एकरांचं. सिनेमात दिसते तशी पांढऱ्या खांबांची हवेली मनात धरून जाल तर निराश व्हाल. मालकाचं घर जिथं होतं तिथं आता फक्त दगडांनी आखलेला चौकोन आहे. जवळच दुसरा लहान चौकोन: स्वयंपाकाची खोली. तिथं १८५६ मध्ये बुकर जन्मला. आई जेन, मालकाची स्वयंपाकीण. बाप कोणी गोरा माणूस, पण कोण ते त्याला कधीच नक्की कळलं नाही. तशीच एक लाकडी खोली आता नव्यानं बांधून ठेवली आहे. मातीची जमीन, मोठी चूल आणि जमिनीत फळीनं झाकलेला खड्डा. मी विचारायच्या आत रेंजरबाई म्हणाल्या, "रताळी. मालकाची रताळी हिवाळ्यात इथं ठेवायचे." म्हणजे आईनं रांधायचं, मुलांनी रताळ्यांच्या खड्ड्याशेजारी चिंध्यांवर झोपायचं.

रेंजरबाई साठीच्या, कृष्णवर्णीय, आवाज अगदी शाळेतल्या बाईंचा. त्यांनी एक आकडा सांगितला आणि थांबल्या. १८६१ मध्ये मालक वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी झाली. गाईगुरं, अवजारं, भांडी. त्याच यादीत "एक निग्रो मुलगा (बुकर), ४०० डॉलर." पाच वर्षांचं पोर. मी इतिहास शिकवताना गुलामगिरीवर कितीतरी तास घेतले असतील, पण त्या यादीची ओळ वर्गात कधी सांगितली नव्हती. माहीतच नव्हती.

लहान गोष्टी जास्त लक्षात राहतात. त्याला मिळायचा तो सदरा जवसाच्या जाड्याभरड्या धाग्याचा. नवा असताना अंगाला अशी टोचणी, की शंभर काटे रुतावेत. मोठा भाऊ जॉन तो सदरा आधी स्वतः काही दिवस घालायचा आणि मऊ करून धाकट्याला द्यायचा. आणि आल्याचे केक. मालकाच्या घरातल्या मुली अंगणात पाहुण्यांबरोबर आल्याचे केक खाताना त्यानं बघितलं, आणि ठरवलं की स्वातंत्र्य म्हणजे असा केक पोटभर खाता येणं. मालकाच्या मुलीची पुस्तकं घेऊन तो शाळेच्या दारापर्यंत जायचा. आत जायची मुभा नव्हती.

परतताना एका किराणा दुकानात मुक्तानं आल्याच्या बिस्किटांचं पाकीट घेतलं. ते बॅगेच्या तळाशी गेलं आणि आम्ही ते विसरून गेलो.

जाणाऱ्यांसाठी: प्रवेश फुकट आहे. मेंढ्या, डुकरं, कोंबड्या पाळलेल्या आहेत, त्यामुळे लहान मुलं कंटाळत नाहीत. ओढ्याकाठची दीड मैलाची पायवाट जरूर चाला, पण बूट जुने घाला. माझे नवे होते. जवळपास खायला फारसं काही नाही, डबा बरोबर न्या. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती.

दिवस दुसरा : माल्डन, वेस्ट व्हर्जिनिया

१८६५ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा मालकाच्या घराच्या ओसरीवर वाचला गेला. जेननं मुलांचे मुके घेतले, रडली. मग ती मुलांना घेऊन डोंगरापलीकडे नवऱ्याकडे निघाली. सामान गाडीवर, मुलं बहुतेक वाट पायी, रात्री उघड्यावर. कित्येक आठवडे लागले. आम्हाला चार तास लागले, तेही मध्ये कॉफीला थांबून. डोंगर पोखरून काढलेले दोन लांब बोगदे लागतात, दुसरा तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सोडतो. पुढच्या टर्नपाइकवर तीन ठिकाणी टोल आहे, सुटे पैसे जवळ ठेवा. मोबाइलची रेंज दऱ्यांमध्ये जाते. मुक्ताच्या फोननं आम्हाला एकदा कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लावलं, तिथून माघारी वळायला जागा मिळेपर्यंत दोन मैल गेलो.

माल्डन म्हणजे कनावा नदीच्या काठी चार गल्ल्यांचं गाव. एके काळी इथं मिठाच्या भट्ट्या धडधडत होत्या. नऊ-दहा वर्षांचा बुकर सावत्र बापाबरोबर तिथं मीठ भरायला जुंपला गेला. प्रत्येक कामगाराच्या पिंपांवर त्याचा नंबर घालत. बापाचा नंबर अठरा. दिवस संपताना मुकादम येऊन पिंपांवर १८ लिहायचा. या पोरानं आयुष्यात वाचलेलं पहिलं अक्षर म्हणजे हा आकडा.

माझी बरीच नोकरी उरण-पेणच्या खाडीपट्ट्यात गेली. मिठागरावर पहाटे चारला जाऊन मग शाळेत येणारी आगरी मुलं मी बघितली आहेत, भेगाळलेल्या पायांची. त्यामुळे डिकिन्सन कुटुंबाचा जुना मीठ कारखाना बघायला गेलो तेव्हा मी दर्दी माणसासारखी प्रश्न विचारत सुटले. १८१७ पासून मीठ काढणाऱ्या या घराण्याच्या वंशजांनी तो अलीकडे पुन्हा सुरू केला आहे. समुद्र इथून शेकडो मैल दूर. खारं पाणी जमिनीखालून वर ओढतात, पुरातन समुद्राचं. पूर्वी ते कोळसा जाळून आटवत, आता काचघरासारख्या छपराखाली उन्हानं आटवतात. तिथल्या मुलानं चिमूटभर मीठ तळहातावर दिलं. खडा मोठा, कुरकुरीत, आपल्या मिठापेक्षा किंचित गोडसर. "आमच्याकडे पाय घालून मीठ ओढतात," मी सांगितलं. त्याला ते नीट कळलं नसावं. म्हणाला, "बूट घालून ना?"

गावातलं आफ्रिकन झायन बॅप्टिस्ट चर्च पांढरं, लाकडी, बुटकं. शेजारी बुकरच्या घराची प्रतिकृती. चर्चपाशी एक आजी फुलझाडांची आळी करत होत्या. त्यांना म्हटलं, आम्ही भारतातून आलोय, बुकरसाठी. त्यांनी हातमोजे काढले, आमचे हात हातात घेतले आणि सरळ घड्याळाची गोष्ट सुरू केली.

ती अशी. पोराला शाळेत जायचं होतं, बापाला पगार हवा होता. तडजोड झाली: पहाटेपासून नऊपर्यंत भट्टीवर काम, मग शाळा. पण शाळा भरायची नऊलाच, आणि ती लांब. रोज उशीर, धडा बुडालेला. कारखान्याच्या कचेरीत एक घड्याळ होतं, सगळे कामगार त्यावरच चालत. पोरगं रोज सकाळी गुपचूप जाऊन काटा साडेआठवरून नऊवर सरकवायचं आणि पळायचं. बरेच दिवस चाललं. शेवटी मुकादमानं घड्याळ पेटीत कुलूपबंद केलं. आजी हे सांगताना इतक्या हसल्या, की जणू पोरगं त्यांच्याच घरातलं. "बाप्टिस्ट असून चोरी?" मी म्हटलं. "वेळेची," त्या म्हणाल्या, "आणि ती मालकाचीच होती."

त्याच शाळेत हजेरीच्या वेळी त्याला कळलं, की इतर मुलांना दोन-दोन नावं आहेत. त्याला एकच. त्याचा नंबर येईपर्यंत त्यानं विचार करून ठेवला आणि सांगितलं, "बुकर वॉशिंग्टन." हजेरी मी तीस वर्षं घेतली. या प्रसंगासमोर मला काही लिहिता येत नाही.

जेवणात बिस्किट आणि सॉसेजची पांढरी ग्रेव्ही. बिस्किट म्हणजे आपलं नव्हे, मऊ खारी पावासारखा प्रकार. ग्रेव्हीबद्दल मी काही बोलणार नाही. मुक्तानं पेपरोनी रोल खाल्ला: खाणीतल्या कामगारांचा डबा, पावाच्याच पोटात मसालेदार मांसाचे तुकडे भाजलेले. तो बरा होता.

दिवस तिसरा : माल्डन ते रिचमंड

दिवसभर पाऊस आणि अलेगेनी डोंगरांत असं धुकं, की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मुक्ता बोलेना, मी गाणी म्हणेना.

या दिवसाबद्दल सांगण्यासारखं ते बुकरचंच. कोळशाच्या खाणीत काम करताना त्यानं दोघांना हॅम्प्टन नावाच्या शाळेबद्दल कुजबुजताना ऐकलं. शाळा कुठं आहे ते माहीत नव्हतं. १८७२ मध्ये सोळाव्या वर्षी निघाला. सुमारे पाचशे मैल. काही घोडागाडीनं, काही पायी, काही कुणाकुणाच्या गाडीत बसून. डोंगरातल्या खाणावळीनं त्याला रंग बघून आत घेतलं नाही, रात्रभर ऊब राहावी म्हणून तो चालत राहिला. रिचमंडला पोचेपर्यंत खिसा रिकामा. लाकडी फळ्यांचा पदपथ जमिनीपासून थोडा उचललेला होता, त्याखाली शिरून झोपला. रात्रभर डोक्यावरून लोकांची पावलं. सकाळी जहाजातून कच्चं लोखंड उतरवायचं काम मिळालं. काम दिवसा, झोप त्याच फळ्यांखाली, असं बरेच दिवस केलं आणि पुढच्या वाटेचे पैसे साठवले.

आम्ही त्याच रिचमंडला मुक्ताच्या घरी पोचलो, जावयांनी खिचडी केली होती. पापडही भाजले होते, एका बाजूनं.

दिवस चौथा : हॅम्प्टन

हॅम्प्टन समुद्रकाठी, रिचमंडहून दीड तास. त्या शाळेचं आता खासगी विद्यापीठ झालं आहे, गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं. आधी फोन करून गेलेलं बरं.

आत शिरताच इमॅन्सिपेशन ओक. १८६१ मध्ये मेरी पीक नावाच्या बाई याच झाडाखाली पळून आलेल्या गुलामांच्या मुलांना शिकवायच्या. १८६३ मध्ये लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा इथंच वाचला गेला. झाडाचा पसारा जवळजवळ शंभर फूट. फांद्या आडव्या पसरून जमिनीला टेकायला आलेल्या. रयतच्या बिल्ल्यावर वटवृक्ष आहे, आणि कर्मवीर भाऊराव अण्णांनी बोर्डिंगातल्या मुलांकडून माती वाहून, दगड फोडून शाळा उभ्या केल्या हे ऐकतच आमची पिढी वाढली. त्यामुळे या झाडाखाली उभं राहिल्यावर परकं असं वाटेना.

प्रवेश परीक्षेची गोष्ट इथली. पन्नास सेंट शिल्लक, अंगावर मळके कपडे, आंघोळ कधीची नाही. मेरी मॅकी या मुख्य बाईंनी त्याला घेतलंही नाही, नाकारलंही नाही. तासन् तास ताटकळत ठेवलं. मग म्हणाल्या, शेजारची वर्गखोली झाडून घे. माल्डनला रफनर बाईंच्या घरी महिना पाच डॉलरवर तो घरकाम करायचा, आणि त्या बाईंच्या शिस्तीला गावातली पोरं टिकत नसत. तो टिकला होता. त्यानं खोली तीनदा झाडली, चारदा पुसली. सामान हलवून कोपरे काढले. मॅकीबाईंनी स्वतःचा रुमाल काढून भिंतीवर, टेबलावर, बाकांवर फिरवला. कण मिळाला नाही. "मला वाटतं, तू चालशील," एवढंच म्हणाल्या.

मुख्याध्यापिका म्हणून मी असे प्रवेश दिले असते का? आजचे पालक दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गेले असते. आणि खरं सांगायचं तर मलाही ही गोष्ट पूर्ण गोड वाटत नाही. गोऱ्या मुलाला हार्वर्डमध्ये कोणी केरसुणी देत नव्हतं. पण बुकरनं या झाडण्याचा अपमान वाटून घेतला नाही. उलट आयुष्यभर तीच आपली पदवी असल्यासारखं सांगितलं. हे मोठेपण की जखम, यावर मुक्ताचं आणि माझं पुढचे दोन दिवस जमलं नाही.

दोन चादरींमध्ये झोपायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं. पहिल्या रात्री दोन्ही चादरींखाली झोपला, दुसऱ्या रात्री दोन्हींवर. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलांचं बघून शिकला. ही गोष्ट आम्हाला संग्रहालयापाशी भेटलेल्या एका विद्यार्थिनीनं सांगितली. नर्सिंग शिकत होती, वॉशिंग्टनची ती फारशी भक्त दिसली नाही. "तो आम्हाला प्रत्येक समारंभात ऐकवतात," म्हणाली. आमच्याकडे अण्णांचं तसंच होतं.

आणखी एक गोष्ट डोक्यात आली ती फुल्यांची. १८७३ मध्ये पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतली गुलामी नाहीशी करणाऱ्या सज्जनांना. त्या वर्षी हा सतरा वर्षांचा मुलगा इथं दिवसा वर्ग झाडून रात्री धडे करत होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नाही.

जेवण फीबसमध्ये, फोर्ट मन्रोला जाताना. निळ्या कुरल्या, नुसत्या वाफवून वर मसाला. टेबलावर वर्तमानपत्र अंथरतात आणि लाकडी हातोडी देतात. शेजारच्या टेबलावरचं जोडपं हातोडीनं ठोकत बसलं होतं, मी दातांनी नांगी फोडली. वेटर येऊन बघून गेला.

दिवस पाचवा : अटलांटा, आणि मिळालेला तास

सकाळचं विमान, भाड्याची गाडी, सगळं सुरळीत. अटलांटात पीडमाँट पार्कला थांबलो. आज तिथं लोक कुत्री फिरवतात, तळ्याकाठी डबे खातात. १८ सप्टेंबर १८९५ ला इथं भरलेल्या प्रदर्शनात टस्कीगीच्या प्राचार्यानं भाषण केलं आणि एका दिवसात तो देशभर गाजला. भरकटलेल्या जहाजाची गोष्ट त्यानं सांगितली. तहानेनं मरायला टेकलेले खलाशी पाणी मागतात, समोरचं जहाज खूण करतं: जिथं आहात तिथंच बादली सोडा. बादली वर येते ती गोड्या पाण्यानं भरलेली, कारण ते ॲमेझॉनच्या मुखाशी असतात. म्हणजे, दक्षिणेतच राहा, हाताचं काम शिका, शेजारच्या गोऱ्यांशी जमवून घ्या. आणि मग ते वाक्य: सामाजिक बाबतीत आपण बोटांसारखे वेगळे राहू, प्रगतीच्या कामात हातासारखे एक.

गोरे श्रोते उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या 'वेगळे पण समान' या तत्त्वाला मान्यता दिली. याच अटलांटात काही वर्षांनी शिकवायला आलेल्या डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतानं आधी अभिनंदन केलं होतं, १९०३ मध्ये मात्र पुस्तक लिहून कडक टीका केली: मताचा हक्क, नागरी समता, उच्च शिक्षण, हे तिन्ही सोडून नुसतं सुतारकाम शिकून माणूस उभा राहत नाही. तळ्याकाठी बसून मुक्ता म्हणाली, "आई, मी डू बॉइसकडून." मी म्हटलं, "मीपण. पण उद्या विटा बघू, मग बोल."

इंटरस्टेट ८५ वरून अलाबामाची हद्द ओलांडली आणि फोनमधलं घड्याळ तासभर मागं गेलं. जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, सहलीची वेळ ठरवताना कुठला वेळ ते विचारा. टस्कीगीत राहायच्या सोयी थोड्या, म्हणून आम्ही वीस मैल अलीकडे ऑबर्नला उतरलो. मोटेलच्या संगणकात आमचं बुकिंग सापडेना. मिळालेला तास तिथं काउंटरवर गेला.

दिवस सहावा : टस्कीगी

गावाचा चौक आधी लागतो. मधोमध गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या सैनिकांचं स्मारक, वॉशिंग्टनच्या हयातीतच उभं राहिलेलं. तो कुठल्या गावात शाळा चालवत होता, हे समजायला तेवढं पुरे. चौकापासून विद्यापीठ मैलभर.

शाळा सुरू कशी झाली तेही ऐकण्यासारखं आहे. लुईस ॲडम्स हा पूर्वीचा गुलाम, पत्र्याचं आणि चामड्याचं काम करणारा कारागीर. १८८० च्या निवडणुकीत एका उमेदवाराला कृष्णवर्णीयांची मतं हवी होती. ॲडम्स म्हणाला, आम्हाला शाळा द्या. राज्यानं वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले, फक्त पगारापुरते. इमारत नाही, जागा नाही. हॅम्प्टनला पत्र गेलं आणि पंचवीस वर्षांचा वॉशिंग्टन आला. ४ जुलै १८८१, तीस विद्यार्थी, चर्चजवळची मोडकी खोली. पाऊस आला की एक विद्यार्थी धडा सोडून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा.

मग उसनवारी करून शंभर एकरांची उजाड जमीन पाचशे डॉलरला घेतली. जमीन साफ करायला मुलं नाखूष, आम्ही शिकायला आलोय म्हणाली. मास्तर कुऱ्हाड घेऊन स्वतः पुढं झाला.

आणि विटा. गावात वीटभट्टी नव्हती, म्हणून स्वतःच पाडायच्या ठरल्या. गुडघाभर चिखलात उभं राहायला कोणी तयार नाही, काही मुलं शाळाच सोडून गेली. पंचवीस हजार विटा थापून पहिली भट्टी लावली, फुकट गेली. दुसरी फुकट. तिसरी आठवडाभर जळली आणि शेवटाला मध्यरात्री कोसळली. पैसे संपले. वॉशिंग्टननं आपलं घड्याळ माँटगोमेरीला नेऊन पंधरा डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती जमली. घड्याळ सोडवायला मात्र तो पुन्हा जाऊ शकला नाही.

त्या विटांचं घर म्हणजे 'द ओक्स', त्याचं राहतं घर, १८९९ चं. आराखडा रॉबर्ट टेलरचा, जो एमआयटीचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर आणि इथलाच शिक्षक. रेंजरबरोबरच आत जाता येतं, तेव्हा आधी चौकशी करा. दुरुस्तीसाठी बंदही असतं. आम्ही बाहेर थांबलो असताना मी भिंतीवर हात फिरवला. लालभडक, कडा फार सारख्या नाहीत. एका विटेत बारीक खडा रुतलेला, दुसरीचा कोपरा भाजताना काळवंडलेला. साताऱ्याकडच्या भट्टीवरची वीट अशीच असते. मुक्ता बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ठीक आहे, विटांना माझे मार्क. भाषणाला नाही."

तिला अर्धवट उत्तर नंतर मिळालं. १९०१ मध्ये अलाबामानं नवी घटना करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपवला. त्याविरुद्धचा गाइल्स खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९०३ मध्ये हरला. त्याचा खर्च गुपचूप कोण देत होतं? हाच, जमवून घ्या म्हणणारा. पत्रव्यवहारात सांकेतिक नावं वापरून. वरवर वाकलेला आणि आतून पैसे पाठवणारा. नवी घटना झाली त्याच वर्षी, १९०१ मध्ये, तो अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टबरोबर व्हाइट हाउसमध्ये जेवला, तर दक्षिणेतली वर्तमानपत्रं पेटून उठली होती. उघड खटला लढला असता तर शाळा राहिली असती का? मी तिथं असते तर काय केलं असतं, हे मला खरंच सांगता येत नाही. शासनाचं अनुदान तुटू नये म्हणून मी किती ठिकाणी गप्प बसले ते माझं मला माहीत.

पुतळ्याजवळ आलो. चार्ल्स केकनं १९२२ मध्ये केलेला: वॉशिंग्टन उभा, समोर वाकलेल्या माणसावरचा पडदा तो उचलतो आहे, खाली नांगर आणि ऐरण. पडदा उचलतोय की पुन्हा पांघरतोय, अशी शंका इथंच शिकलेल्या एका कादंबरीकारानं फार पूर्वी काढून ठेवली आहे. आम्ही चारी बाजूंनी फिरून बघितलं. डावीकडून उचलतोय. उजवीकडून मला तरी नक्की सांगता येईना.

कार्व्हर संग्रहालय मात्र माहेरच्या घरासारखं वाटलं. पूर्वी हे कपडे धुण्याचं ठिकाण होतं. मातीपासून केलेले रंग, शेंगदाण्याच्या वस्तू, त्यानं स्वतः केलेलं विणकाम. शेतकरी शाळेत येत नाही तर शाळाच शेतावर न्या, म्हणून १९०६ मध्ये काढलेली जेसप गाडी आपल्याला पुस्तकातून माहीत आहे. ती चालली कोणाच्या राज्यात, ते आता नीट कळलं.

टस्कीगीचं नाव जगात आणखी एका कारणानं घेतलं जातं आणि ते टाळून पुढं जाता येत नाही. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्यानं या भागातल्या सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास केला, त्यांतल्या ३९९ आजाऱ्यांना औषध असूनही दिलं नाही. वॉशिंग्टन जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याबद्दल गावातली माणसं हळू आवाजात बोलतात.

दफनभूमी चॅपलला लागून. वॉशिंग्टन आणि कार्व्हर शेजारी-शेजारी. नोव्हेंबर १९१५ मध्ये न्यूयॉर्कला आजारी पडला तेव्हा डॉक्टर नको म्हणत असताना त्यानं आगगाडी धरली: दक्षिणेत जन्मलो, दक्षिणेत राबलो, दक्षिणेतच मरायचंय आणि पुरलं जायचंय. १४ तारखेला, घरी पोचल्यावर काही तासांत गेला. वय ५९. मागं शंभरावर इमारती, दीड हजार विद्यार्थी.

बाकावर बसलो. पाण्याची बाटली काढताना बॅगेच्या तळाशी ते आल्याच्या बिस्किटांचं पाकीट सापडलं, निम्म्याचा भुगा झालेला. शेजारी एक वयस्कर गृहस्थ नातलगाच्या कबरीवरचा पाला काढून दमून बसले होते, त्यांना दिली. त्यांनी एक खाल्लं. "माझी आजी करायची ती अशी नव्हती. ही फार कोरडी." मग आमच्याकडून सहा अंड्यांची गोष्ट काढून घेतली, म्हणजे ती आम्हाला ठाऊक आहे का ते तपासलं. नव्हती. शाळा नवी असताना सत्तरीची एक म्हातारी, गुलामीत जन्म काढलेली, चिंध्या नेसलेली पण स्वच्छ, काठी टेकत वॉशिंग्टनकडे आली. म्हणाली, माझ्याकडे पैसे नाहीत. मी साठवलेली ही सहा अंडी या पोरांच्या शिक्षणात घाला. पुढं लाखो डॉलर देणारे आले, पण या देणगीइतकं त्याला काही लागलं नाही.

"तुम्ही कशासाठी आलात इतक्या लांबून?" त्यांनी विचारलं. मी कार्व्हरचं मराठी पुस्तक सांगितलं. शाळेतली मुलं भाषणं करतात हेही. ते खूप वेळ मान हलवत राहिले. "आणि प्राचार्याबद्दल?" म्हणाले. "एक वाक्य," मी म्हटलं.

निघताना हमरस्त्यावर चढण्याआधी एका टपरीवर पाटी: उकडलेल्या शेंगा. मी ओरडलेच. मोठ्या पातेल्यात ओल्या शेंगा टरफलासकट मिठाच्या पाण्यात रटरटत होत्या, आपल्याकडे पावसाळ्यात होतात तशाच. एक साधी, एक तिखट मसाल्याची. मी दोन्ही घेतल्या. टपरीवाल्याला वाटलं, मला समजावून सांगायला हवं, म्हणून त्यानं एक शेंग फोडून खाऊन दाखवली.

शेंगांचं खारं पाणी भाड्याच्या गाडीच्या सीटवर गळू नये म्हणून मुक्ता पिशवीखाली माझी ओढणी अंथरत होती. जॉर्जियाची हद्द आली, फोनमधलं घड्याळ तासभर पुढं सरकलं, आणि विमानाला आम्हाला वाटत होतं तेवढा वेळ राहिला नव्हता.